दिवसा चालतो, रात्री बंद पडतो: सीसीटीव्हीच्या कामाला लागताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरगुती लाइट फिटिंगची कामं येतात, आता कॅमेरे बसवण्याची कामं घ्यायची आहेत. पहिलं काम चार कॅमेऱ्यांचं केलं. त्यातला सगळ्यात लांबचा, गेटवरचा कॅमेरा दिवसा छान चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू होत राहतो. कॅमेरा बदलून पाहिला, तरी तेच. मग या कामाची सुरुवात कशी करावी आणि वायरिंगमधला बिघाड शोधावा कसा?

आधी गेटवरचा कॅमेरा बघू. तो एकदा समजला की या कामातलं निम्मं वायरिंग समजतं.

कॅमेरा बदललात यात लाजण्यासारखं काही नाही. मी सुरुवातीला एका गोदामात एकाच जागी तीन कॅमेरे बदलले होते. चौथा बदलायला शिडीवर चढलो, तेव्हा छतालगतच्या केबलला कोपर लागलं आणि खालून आवाज आला, "आलं, आलं चित्र!" छताच्या आत कोणीतरी वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळला होता. तो कोणीतरी म्हणजे मीच, दोन महिन्यांपूर्वीचा. तेव्हापासून मल्टिमीटर लावल्याशिवाय काहीही बदलत नाही.

तुमच्या गेटवर बहुतेक काय होतंय ते सांगतो. दिवसा कॅमेऱ्याला करंट कमी लागतो. अंधार पडला की आयआर एलईडी (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे, रात्री दिसण्यासाठीचे दिवे) पेटतात आणि तोच कॅमेरा जवळजवळ दुप्पट करंट घेतो. समजा, एसएमपीएसपासून (मेनवरून १२ व्होल्ट डीसी देणारा सप्लायचा डबा) गेट ६० मीटरवर आहे आणि सप्लायची वायर ०.२ चौरस मिलिमीटरची आहे. अशा तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०८४ ओहम असतो. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून लांबी १२० मीटर धरायची. रेझिस्टन्स झाला १० ओहम. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर घेत असेल तर २ व्होल्ट वाटेतच गेले, कॅमेऱ्याला १० मिळाले, तो कसाबसा चालला. रात्री ०.४ अँपिअर झाले की ४ व्होल्ट गेले आणि उरले ८. कॅमेरा बंद. बंद पडला की करंट थांबतो, व्होल्टेज परत १२ वर येतं, कॅमेरा उठतो, आयआर पेटतो, पुन्हा ८. शिडीवर चढून कान दिलात तर आतला, दिवस-रात्रीप्रमाणे सरकणारा आयआर फिल्टर ठरावीक वेळाने टक्-टक् करताना ऐकू येईल.

प्रत्यक्षात हिशोब याहून वाईट असतो. कॅमेऱ्याच्या आतलं सर्किट व्होल्टेज कमी मिळालं की बऱ्याचदा करंट वाढवून तेवढीच पॉवर घेतं, म्हणजे वाटेतली व्होल्टेजची घट (ड्रॉप) आणखी वाढते. शिवाय वायर तांब्याची आहे हे मी गृहीत धरलंय. स्वस्त बंडलात पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर रेझिस्टन्स साधारण दीडपट धरून चाला. अशी वायर पुन्हा पुन्हा वाकवली की लवकर तुटतेही.

आता मोजायचं कसं. इथेच नव्या माणसाचा घोटाळा होतो. तो कॅमेऱ्याचा जॅक काढतो, त्यात मीटरच्या पिना घालतो, १२ व्होल्ट दिसतात आणि "सप्लाय ओके" म्हणून मोकळा होतो. करंट वाहतच नसेल तर ड्रॉप कुठून दिसणार? तुटायला आलेली, एकाच तंतूवर लोंबकळणारी वायरसुद्धा बिनलोडची १२ व्होल्ट दाखवते. स्क्रूचे टर्मिनल असलेला डीसी जॅक घ्या, कॅमेरा जोडलेला आणि चालू ठेवून त्या स्क्रूंवर मोजा. रात्रीची वाट बघायची गरज नाही. कॅमेऱ्याच्या तोंडावर काळं कापड किंवा जाड टेप लावा, आयआर पेटेल. पेटला की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक मोबाइलमध्ये एलईडी जांभळट चमकतात. त्या क्षणी मीटरवर ११ च्या वर आकडा असेल तर दोष सप्लायच्या वायरचा नाही, दुसरीकडे शोधा. १० च्या खाली गेला तर बिघाड सापडला. मधे असेल तर कॅमेऱ्याच्या लेबलवर तो किती व्होल्टपर्यंत चालतो ते बघा.

सुधारायचं कसं? गेटजवळ सुरक्षित मेन सप्लाय मिळत असेल तर तिथेच बंद डब्यात छोटा ॲडाप्टर लावणं सोपं. नसेल तर जाड वायर. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर त्याच ६० मीटरला सुमारे २.८ ओहमची होते, रात्रीचा ड्रॉप १ व्होल्टच्या आसपास येतो. केबलमध्ये एखादी तार रिकामी असेल तर ती निगेटिव्हला जोडीने लावूनही बराच फरक पडतो. एसएमपीएसवर व्होल्टेज वाढवायचा छोटा स्क्रू असतो, त्याला हात लावायचा मोह होईल. पण त्याच एसएमपीएसवर जवळचे तीन कॅमेरेही आहेत. गेटवरच्यासाठी वाढवलेलं व्होल्टेज त्यांना पूर्ण मिळणार. मी तो स्क्रू शक्यतो फिरवत नाही.

आणि एकाच वायरवर माळेसारखे कॅमेरे लावत जाऊ नका. शेवटच्या कॅमेऱ्याला आधीच्या सगळ्यांचा ड्रॉप सोसावा लागतो.

बाकी बिघाडांकडे वळताना स्वतःला पहिला प्रश्न विचारा: एकाला की सगळ्यांना? सगळी चित्रं एकदम गेली किंवा सगळीकडे सारखीच गडबड असेल तर एसएमपीएस, डीव्हीआर (चित्रं साठवणारा रेकॉर्डर) किंवा मेन सप्लाय बघा. एसएमपीएसवर आठ कॅमेरे प्रत्येकी अर्ध्या अँपिअरचे असतील तर ४ अँपिअर झाले. ५ अँपिअरचा डबा कागदावर पुरतो, पण बंद कोनाड्यात, उन्हाळ्यात, रात्री आयआरसकट तो कायम काठावर चालतो आणि आतले कपॅसिटर फुगतात. मी एकूण लोड ऐंशी टक्क्यांच्या खाली ठेवतो. एकाच कॅमेऱ्याची तक्रार असेल तर त्याची बीएनसी (चित्राच्या केबलचा गोल, फिरवून बसणारा प्लग) डीव्हीआरच्या चालू असलेल्या चॅनेलवर लावा. चित्र आलं तर पोर्ट खराब. नाही आलं तर कॅमेरा खाली उतरवून दोन मीटरच्या केबलने थेट डीव्हीआरला जोडा. इथे चालला तर दोष वाटेत आहे. मग ती वाट अर्ध्यात तोडून बघायची: मधल्या जंक्शन बॉक्सपाशी चित्र येतंय का? येत असेल तर पुढचा अर्धा भाग, नसेल तर मागचा. शंभर मीटरच्या लाइनमधला दोष अशा तीन-चार टप्प्यांत हाताशी येतो.

कोॲक्सची केबल (मधे एक तार, भोवती जाळी, अशी चित्राची केबल) तपासणं सोपं आहे. दोन्ही टोकं मोकळी ठेवून मधली तार आणि जाळी यांच्यात मीटर लावा. काहीच दाखवता कामा नये. बझर वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि दहापैकी नऊ वेळा तो बीएनसीच्या आतच असतो: जाळीचा एक केसासारखा तंतू मधल्या पिनेला टेकलेला. मग लांबच्या टोकाला दोन्ही मुद्दाम जोडा, इकडे काही ओहम दिसले पाहिजेत. तिथे कोणाला तरी केबल हलवायला सांगा. आकडा नाचायला लागला तर जोड सैल आहे. बीएनसी स्क्रूची असो की क्रिंपची, लावल्यावर हलकासा ओढा देऊन बघायची सवय लावा. हाताने निघते ती पुढे उंदराच्या धक्क्यानेही निघते.

केबल ठणठणीत आणि कॅमेराही ठणठणीत, तरी चित्र नाही किंवा चित्रात रंग नाहीत? मग फॉरमॅट, म्हणजे चित्राच्या सिग्नलचा प्रकार बघा. ॲनालॉग एचडीत टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी असे प्रकार आहेत. अनेक कॅमेऱ्यांना केबलवर छोटं बटण असतं, ते काही सेकंद एका बाजूला दाबून धरलं की प्रकार बदलतो. कोणतं बटण कुठे आणि किती वेळ, ते डब्यातल्या कागदावर असतं. तो कागद फेकू नका.

चित्रावर आडवे, जाडसर पट्टे हळूहळू वर किंवा खाली सरकत असतील तर तो बहुतेक ग्राउंड लूप. कॅमेऱ्याचं धातूचं अंग लोखंडी खांबाला टेकून तिथे अर्थ होतं (जमिनीला जोडलं जातं), डीव्हीआर दुसरीकडे अर्थ झालेला असतो. या दोन अर्थमध्ये थोडा जरी फरक असला तरी केबलच्या जाळीतून एसी करंट वाहतो आणि तो चित्रात दिसतो. तपासायला कॅमेऱ्याचे स्क्रू काढून तो खांबापासून अलग धरा. पट्टे गेले तर मधे प्लास्टिकचा बॉक्स घालून स्क्रूही धातूला लागणार नाहीत अशी फिटिंग करा. तेवढ्याने भागलं नाही तर ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. काही जण डीव्हीआरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून पट्टे घालवतात. पट्टे जातात खरे, पण उद्या आत काही लीक झालं तर डब्याला करंट येईल आणि तो हात लावणाऱ्याला बसेल. हे करू नका आणि कोणी करून ठेवलेलं दिसलं तर आधी ते दुरुस्त करा. बीएनसी काढताना बोटांना झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएसला अर्थिंग जोडलंय का, तेही बघा. बहुतेक वेळा जोडलेलंच नसतं.

पाण्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण पहिल्या पावसानंतर येणाऱ्या तक्रारी तिथूनच येतात. कॅमेरा वॉटरप्रूफ असतो. त्याच्या शेपटीला लोंबणारे जोड वॉटरप्रूफ नसतात. कोॲक्सच्या जाळीत एकदा पाणी शिरलं की ते वातीतल्या तेलासारखं आत सरकत जातं. जाळी हिरवट-काळी पडते आणि मग टोक कापून नवी बीएनसी लावली तरी उपयोग होत नाही, चमकदार तांबं लागेपर्यंत केबल कापत जावी लागते. जोड नेहमी बॉक्समध्ये. बॉक्सला केबल खालून घ्यायची, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यायचा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. नेटवर्कच्या केबलमध्ये पीओईचा (त्याच केबलमधून कॅमेऱ्याला पॉवर देण्याची पद्धत) डीसी असतो, त्यामुळे ओल्या आरजे ४५ प्लगमधल्या पिना साध्या गंजापेक्षा खूप लवकर खाल्ल्या जातात. कॅमेऱ्यासोबत येणारी ती रबरी टोपी आणि वॉशर "वेळ नाही" म्हणून डब्यातच ठेवून देणारे कारागीर मी खूप पाहिले. त्यांच्या दुरुस्त्या मला मिळतात.

आयपी कॅमेऱ्यांत, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर चालणाऱ्यांत, ड्रॉपचा त्रास बराच कमी, कारण पीओई साधारण ४८ व्होल्टवर चालतं. सहा वॉटच्या कॅमेऱ्याला सव्वाशे मिलीअँपिअर पुरतात. चांगल्या तांब्याच्या कॅट केबलवर १०० मीटरला एखादा व्होल्ट जातो, आणि ४८ मधून एक गेला तर कोणाला पत्ताही लागत नाही. मर्यादा १०० मीटरची, ती पाळा. पण रात्रीचा भुताटकीचा खेळ इथेही असतो. नेटवर्क स्विचवर (कॅमेऱ्यांच्या केबल एकत्र जोडायचा डबा) आठ पोर्ट असले तरी सगळ्यांची मिळून पॉवर ठरलेली असते. समजा एकूण ६० वॉट आहे आणि रात्री प्रत्येक कॅमेरा ८ वॉट घेतो, तर ६४ लागले. स्विच एखाद्या पोर्टची पॉवर तोडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "आठवा कॅमेरा रात्रीच जातो." केबल बदलून तो परत येणार नाही. एका पोर्टचा हिशोबही वेगळा आहे: साध्या पीओईत पोर्टला १५.४ वॉट, त्यातले कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ धरायचे, पीओई प्लसमध्ये ३० आणि २५.५. फिरणारे, हीटरवाले कॅमेरे बऱ्याचदा साध्या पीओईवर भागत नाहीत.

नेटवर्क केबलला प्लग दाबून बसवताना, म्हणजे क्रिंपिंगमध्ये होणारी एक चूक सांगायलाच हवी, कारण साधा केबल टेस्टर ती पकडत नाही. रंगांचा क्रम ठरलेला आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नवा माणूस विचार करतो, दोन्ही टोकांना सारखं लावलं म्हणजे झालं, आणि हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा अशा जोड्या ओळीने लावतो. टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात. पण ३ आणि ६ नंबरच्या पिनांवर एकाच पिळाची जोडी यायला हवी, ती इथे दोन वेगळ्या पिळांतली येते. पिळामुळे मिळणारं संरक्षण जातं. दहा मीटरला कॅमेरा चालतो, साठ मीटरला चित्र अडखळतं, लिंक तुटते. असा कॅमेरा दिसला की मी आधी पारदर्शक प्लगमधून रंग वाचतो. आणि टेस्टर लावण्याआधी केबल पीओई स्विचमधून काढा, नाहीतर टेस्टर जळू शकतो.

केबल मेन लाइनच्या पाइपातून नेऊ नका. समांतर जायचंच असेल तर फूटभर अंतर ठेवा आणि ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. लाइट फिटिंगवाल्याला हे नव्याने सांगायला नको, पण रिकामा पाइप दिसला की हात शिवशिवतो. एका इमारतीतून दुसरीकडे उघड्यावरून तांब्याची केबल ओढण्यापेक्षा फायबर टाका. वीज कडाडली की तांब्यावरून येणारा झटका दोन्ही टोकांचं सामान घेऊन जातो.

सेटिंगच्या बाजूचं थोडक्यात. दोन आयपी कॅमेऱ्यांना कंपनीतून एकच आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) आलेला असू शकतो, म्हणून ते एकेक करून जोडा आणि पत्ते बदला. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि डीव्हीआर प्रचंड संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी इंटरनेटवरच्या मोठ्या सेवा बंद पाडल्या. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते त्यांना कळलंसुद्धा नाही.

आता सुरुवातीबद्दल. बाजारातून आठ कॅमेऱ्यांचा सेट आणण्याआधी एक डीव्हीआर, एक कॅमेरा आणि केबलचं एक पूर्ण बंडल घ्या. बंडल न उलगडता त्याची दोन्ही टोकं जोडा, घरबसल्या ९० मीटरची लाइन तयार. आता मुद्दाम बिघाड करा. जाळीचा तंतू पिनेला लावा, मधली तार अर्धवट कापा, फॉरमॅट चुकवा, जोड पाण्यात बुडवून दोन दिवस ठेवा. प्रत्येक वेळी पडद्यावर काय दिसतं आणि मीटर काय दाखवतं ते वहीत लिहा. उलटा सप्लाय तेवढा देऊ नका, कॅमेरा जाईल. सोबत एखाद्या जुन्या कारागिराबरोबर दहा-पंधरा साइट करा, त्यातही दुरुस्तीच्या जास्त. नवीन बसवताना हात तयार होतो, पण डोकं दुरुस्तीवर तयार होतं. हत्यारांत पैसा आधी मीटर आणि क्रिंपिंग टूलवर घाला. स्क्रीनवाला सीसीटीव्ही टेस्टर नंतर घेतलात तरी चालेल, पण घेतल्यावर शिडीवरच्या फेऱ्या निम्म्या होतात.

साइटवर गेल्यावर "किती कॅमेरे लावू?" असं न विचारता "तुम्हाला नेमकं काय दिसायला हवंय?" हे विचारा. गेटवर माणूस आला हे कळणं वेगळं आणि त्याचा चेहरा ओळखणं वेगळं. अनोळखी चेहरा ओळखण्यासाठी रुंदीच्या दर मीटरला २५० पिक्सेल हा जुना, कामाचा आडाखा आहे. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० पिक्सेल, म्हणजे साडेसात मीटरच्या आसपास रुंदी. २.८ मिलिमीटरची लेन्स तेवढी रुंदी जेमतेम तीन मीटरवरच व्यापते. पंधरा मीटरवरच्या गेटला ती लावली तर गेट दिसेल, माणूस दिसेल, पण चेहरा दिसणार नाही. तिथे लांब लेन्स लागते. उंचीही अडीच-तीन मीटरच ठेवा, फार वर लावलेल्या कॅमेऱ्यात नुसत्या टोप्या आणि टकला दिसतात. कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला पांढरी भिंत किंवा छज्जा असेल तर रात्री आयआर त्यावर आपटून परततो आणि सगळं धुरकट होतं. धुरकटपणा रोज वेगळा असेल तर कोळ्याचं जाळं शोधा.

रेकॉर्डिंगचा हिशोब आधीच सांगून ठेवा. सेकंदाला चार मेगाबिट (एमबीपीएस) पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबीच्या आसपास घेतो. असे आठ कॅमेरे महिनाभर ठेवायचे तर १० टीबीहून जास्त लागतात. "महिन्याचं दिसेल" असं तोंडाने म्हणून दोन टीबीची डिस्क बसवली की सहाव्या-सातव्या दिवशीच जुनं पुसायला सुरुवात होते, आणि चोरी नेमकी आठवडाभरानंतर लक्षात येते.

बसवण्याआधी सगळे कॅमेरे जमिनीवरच जोडून तासभर चालवा. खराब निघालेला कॅमेरा टेबलावर कळला तर दहा मिनिटांचं काम, खांबावर कळला तर अर्धा दिवस. केबलच्या दोन्ही टोकांना नंबर लावा आणि प्रत्येक टोकाला हात-दीड हात केबल जास्त ठेवा. शिडी धरायला दुसरा माणूस असल्याशिवाय वर चढू नका, आणि एसएमपीएसचं झाकण मेन बंद करून टेस्टरने बघितल्याशिवाय उघडू नका.

काम संपलं की एकदा अंधार पडल्यावर साइटवर जा. सगळे आयआर पेटलेले असताना प्रत्येक कॅमेऱ्यापाशी व्होल्टेज मोजा आणि सप्लायच्या डब्याच्या झाकणावर आतून मार्करने लाइनचा नंबर, आकडा आणि तारीख लिहा. दोन वर्षांनी तक्रार आली आणि झाकणावर ११.२ लिहिलेलं असताना मीटर ९.८ दाखवत असेल, तर कॅमेरा न उतरवता थेट त्या लाइनचे जोड उघडायला घ्या.